फाटकासमोरच्या खिडक्या

ऑफिसात त्यांना सगळे जिनेकाकू म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने उगीच ठेवलं नव्हतं. साहेबांच्या हाताखाली काकूंचा जन्म गेला तो इमारतींचे जिने, संडास, पाण्याच्या टाक्या आणि गच्चीवर चढायच्या शिड्या काढण्यात. इमारतीचा दर्शनी तोंडवळा साहेब काढायचे. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो त्या तोंडवळ्याचा, साहेबांसकट. आत शिरलेली माणसं वरच्या मजल्यावर धडधाकट पोचायची, त्याचा फोटो कोण काढणार? "माझ्या जिन्यावरून अजून कुणी पडलं नाही, ही देवाची कृपा," एवढंच काकू म्हणत आणि पुन्हा कागदावर वाकत.

ज्या ऑफिसात बसून त्या दुनियेचे जिने काढत, त्या ऑफिसाचा स्वतःचा जिना मात्र असा उभा नि अरुंद होता की वर पोचेपर्यंत माणसाला देव आठवावा. लिफ्ट नव्हती. काकू मधल्या वळणावर थांबत, कठडा धरून दम घेत आणि हा जिना ज्या कुणी काढला त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावत. नोकरीची शेवटची वर्षं होती. गुडघे त्यांच्याही आधी निवृत्त झाले होते.

बालवाडीचं काम त्यांच्याकडे आलं तेही असंच, उरलंसुरलं म्हणून. साहेब एका मोठ्या दवाखान्याच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. त्यांनी फाइल काकूंच्या टेबलावर ठेवली नि म्हणाले, "काकू, हे तुम्हीच बघून टाका. छोटंसंच आहे. एकमजली."

"एकमजली? म्हणजे जिनाच नाही?"

"नाही ना. म्हणून तर म्हटलं, जरा जपून."

सगळं ऑफिस हसलं. काकूही हसल्या. पण दुपारी डबा उघडून पहिला घास घेताना त्यांना ते खरं उमगलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खी इमारत. पायापासून पत्र्यापर्यंत आपली. देवाने उशिरा दिलं, पण द्यायचं विसरला नाही, असं त्यांना वाटलं. आणि त्याच घासाला खूप दमल्यासारखंही वाटलं. गुडघे धड होते तेव्हा का नाही दिलंस, बाबा?

त्या जुनी बालवाडी बघायला गेल्या. एका गोदामाचा पत्र्याचा कोपरा भाड्याने घेतलेला होता. खिडक्या होत्या, पण मोठ्या माणसाच्या खांद्याला लागाव्यात इतक्या उंच, आणि त्यांची खालची तावदानं रंगवून बुजवलेली.

"हे कशाला?" काकूंनी विचारलं.

"मुलांचं लक्ष उडू नये म्हणून," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे बालवाडीच्या प्रमुख. आवाजाने मोठ्या, अंगानेही मोठ्या.

"लक्ष कशावरून उडायचं?"

"माझ्यावरून," मोठ्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या.

पत्रा तापला होता. मुलं फरशीला गाल लावून पडली होती. जिथे अंगाखालची फरशी गरम होई तिथून सरकून पुढच्या फरशीवर जात होती. एक मुलगी भिंतीला टेकून वर खिडकीकडे बघत बसली होती. तिला काय दिसतंय ते बघायला काकू तिच्याशेजारी खाली बसल्या. बसल्या खऱ्या, नंतर उठवायला दोघीजणी लागल्या. तिथून दिसत होता तो आभाळाचा हातभर तुकडा आणि त्यातून गेलेली विजेची एक तार. दुसरं काहीच नाही. त्या मुलीचा अख्खा दिवस त्या तारेवर चालला होता.

काकूंनी तिथेच मनाशी ठरवलं, माझ्या इमारतीत पोराला बसल्या जागी बाहेरचं दिसेल. बाकी काय वाटेल ते होवो.

त्यांची काम करायची तऱ्हा न्यारी होती. कागदावरच्या मापावर त्यांचा विश्वास नसे. जे काढायचं ते घरात त्याच मापाचं उभं करायचं, त्यातून स्वतः चालून बघायचं, आणि मगच रेघ पक्की. जिन्यांच्या वेळी खोकी रचून झाली होती, काका त्यावरून एकदा घसरलेही होते. (पक्क्या जिन्यावरून नव्हे, म्हणून ते काकू हिशोबात धरत नसत.) आता बालवाडीसाठी त्यांनी बाहेरच्या खोलीत आडव्यातिडव्या दोऱ्या बांधल्या, त्यांवर चादरी टाकल्या, फ्रीजच्या खोक्याला खिडकी कापली आणि गुडघ्यांना उशा बांधून त्या घरभर पोराच्या उंचीने फिरू लागल्या.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराचा ताबा घेऊन होते. तिथून ते विचारत, "आज जेवायला कुठल्या वर्गातून यायचं?"

"डावीकडच्या चादरीतून. आणि वाकून या."

"मी वाकतो गं, पण आमटीचं पातेलं वाकत नाही त्याचं काय?"

लेक परगावाहून फोन करी. काका तिला सांगत, "तुझी आई बालवाडीत आहे. नाही, शिकवायला नाही, शिकायला."

त्या खोक्याच्या खिडकीशी काकू संध्याकाळच्या संध्याकाळ गुडघ्यांवर बसत. बाहेर गॅलरी, गॅलरीच्या गजांतून समोरचा रस्ता, येणारी-जाणारी माणसं, सायकली, एखादं कुत्रं. मागे स्वयंपाकघरात काकांच्या भांड्यांचा आवाज. बरं वाटायचं. खिडकीची खालची कड त्यांनी एकदा वर घेतली, एकदा खाली आणली, आणि एका संध्याकाळी हनुवटी अलगद टेकली तिथे खूण केली. हीच उंची.

बाकीची इमारत त्या खिडक्यांभोवती जमली. प्लॉटवर पाया खणताना निघालेलीच माती दाबून विटा पाडल्या, भट्टी नाही, धूर नाही. दारं-चौकटी कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या जुन्या लाकडातून. फाटकाची बाजू दिवसभर सावलीची, म्हणून त्याच बाजूला ओळीने ठेंगण्या खिडक्या, खालून गार हवा आत यावी, तापलेली हवा छपराखालच्या झरोक्यांतून वर निघून जावी. पंखे नकोत, वीज नको. पावसाचं पाणी नळीतून गुपचूप न नेता भिंतीच्या कडेने उघड्या पन्हळीतून नेलं, पोरांनी त्यात काड्या, कागद, जे हाती लागेल ते सोडावं म्हणून. दोन वर्गांच्या मधल्या भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर गोल भोकं, या वर्गातल्याने त्या वर्गातल्याला वेडावून दाखवायला. आणि फाटकापासून दारापर्यंत, जिन्यांतच जन्म काढलेल्या बाईने, एक वळणदार उतार काढला. त्याच्या कडेची भिंत लाटेसारखी, मध्येच उंच मध्येच ठेंगणी, की पोराने येताना तिच्यावरून तळहात फिरवत यावं. त्या उताराचं चित्र काकूंनी पाकिटात ठेवलं होतं. कुणाला दाखवत नसत. बसची वाट बघताना आपण एकट्याच बघत.

जागा दिली होती एका आजोबांनी. बायको वारली, तिच्या माघारी तिच्या नावाने. अटी काही नव्हत्या. एकच मागणं होतं की ज्या फाटकातून मुलं आत जातील, त्याच्या वरच्या दगडावर तिचं नाव असावं. दगड ते स्वतः निवडायला गेले, अक्षरं कोरणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहिले, आणि फाटक उभं राहिल्यावर रोज एकदा येऊन ते वाचून जात. त्यांना ऐकू कमी यायचं, कानात मशीन होतं, पण नजर तिखट होती. "ते शेवटचं अक्षर जरा तिरकं आहे," म्हणायचे, आणि मग, "असू दे. तीही सरळ नव्हती."

इमारत पुरी व्हायच्या आधीच गोदामाच्या मालकाने जागा रिकामी करायला लावली. मागचा गिलावा बाकी, मागची गल्ली अजून विटांच्या तुकड्यांनी भरलेली, तरी फाटकाकडचे दोन वर्ग तयार होते, म्हणून मुलं नव्या जागेत आली. त्या सकाळी काकू लवकर उठल्या, देवापुढे हात जोडले आणि बसने साइटवर पोचल्या. त्यांनी ठेवणीतल्या चपला घातल्या होत्या.

मुलं उतारावरून आली. भिंतीवरून हात फिरवत आली, एक तर परत जाऊन दुसऱ्यांदा आला. वर्गात शिरली, खिडक्या दिसल्या, आणि सगळीच्या सगळी खिडक्यांकडे धावली. काकूंचे डोळे भरून आले.

मग पहिल्या पोराला फाटकातून बाहेर पडणारी आई दिसली.

त्याने हंबरडा फोडला. शेजारच्याने बाहेर बघितलं, त्याचीही आई चालली होती. त्यानेही सूर लावला. जिची आई केव्हाच फाटकाबाहेर पडली होती ती मुलगी दुसऱ्याच्या आईकडे बघून रडायला लागली. आया थबकल्या, वळल्या, हात हलवू लागल्या, आणि त्या वळल्या म्हणून आतलं रडणं दुप्पट झालं. एक जराशी गप्प होतेय तोच उशिरा आलेल्या कुणाची तरी आई फाटकातून जायची की पुन्हा सगळी ओळ रडायला लागायची. मोठ्या बाईंचा एवढा मोठा आवाज, तो कुठल्या कुठे बुडाला. खिडकीच्या कडेवर, जिथे काकूंनी हनुवटी टेकून खूण केली होती, तिथे आता शेंबूड आणि आसवं ओघळत होती.

हे त्या दिवशी झालं, दुसऱ्या दिवशी झालं, आणि तो आठवडाभर होतच राहिलं.

साहेब आले, आजोबा आले, मोठ्या बाई घसा बसलेल्या. विटांच्या चवडीवर बसूनच बैठक झाली.

"माझ्या तीस पोरांची तीस तोंडं त्या खिडक्यांना," मोठ्या बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "गोष्ट सांगू की गाणं म्हणू की नाकं पुसू? जुन्या जागेत निदान अर्ध्या तासात गप्प व्हायची. काकू, राग मानू नका, पण खिडक्या बुजवा."

"खालचा भाग बुजवायचा, वर ठेवायच्या नेहमीसारख्या," साहेब म्हणाले. "दोन दिवसांचं काम. विषय संपला."

"मग हवा कुठून येणार?" काकूंनी विचारलं. "खालून हवा आली नाही तर झरोके काय ओढणार? खोली भट्टी होईल."

"पंखे लावू."

"साहेब, पत्र्याखाली पंखे होते की. पोरं तरी फरशीवर लोळत होती."

"काकू," साहेब थकलेल्या मायेने म्हणाले, "स्वतःला किती त्रास करून घ्याल? शेवटचं काम आहे तुमचं. नीट पार पडू द्या. सोमवारपर्यंत दुसरं काही सुचलं तर सांगा, नाहीतर गवंडी बोलावतो."

आजोबा फाटकाकडे तोंड करून बसले होते.

काकू घरी आल्या त्या पाय ओढत. चादरी अजून तशाच टांगलेल्या होत्या. त्या चपला न काढता खाली बसल्या. काकांनी चहा आणून ठेवला. चहा निवत गेला तसं काकूंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मला कळत नाही हो. मी किती दिवस बसले त्या खोक्याशी. रोज बसले. कधी एकदा तरी रडावंसं वाटलं का मला?"

काका चादरीपलीकडून म्हणाले, "तू कशाला रडशील? तू खिडकीत बसायचीस तेव्हा मी मागे कांदा चिरत होतो. तुला कोण सोडून गेलं होतं?"

काकूंनी वर बघितलं.

"म्हणजे मी आपलं म्हटलं," काका घाईने म्हणाले. "चहा घे. गार झाला."

काकूंनी चहा घेतला नाही. उंची सगळी मोजली, हवा मोजली, सावली मोजली, आणि आपण खोक्याशी बसून वाट बघितली नाही कुणाची, एवढंच राहून गेलं. चूक खिडकीत नव्हती. खिडकीतून जे दिसत होतं त्यात होती. पण ते कळून अंगात बळ थोडंच येतं? त्या रात्री न जेवताच आडव्या झाल्या आणि प्रार्थना म्हणताना मध्येच डोळा लागला. देवाने तेवढं समजून घेतलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आत गेल्या नाहीत. फाटकाबाहेर, आया निघून जातात तिथे उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांना दिसलं की आया निघून जातच नाहीत. फाटकाच्या खांबामागे एक जण अंग चोरून उभी होती, खांद्याला पिशवी, कामाला उशीर झालेला, आणि मान लांब करून खिडकीकडे बघत होती.

"अगं, जा ना," काकू म्हणाल्या.

"जातेय काकू. तो गप्प झाला की जातेय."

"तू दिसतेस म्हणून तो गप्प होत नाही."

"पण मी इथून गेले तर तो गप्प झाला की नाही ते मला कसं दिसणार?"

काकू खांबाला टेकल्या. तिच्या मागे आणखी दोघी होत्या. एक जण रडत होती आणि रडता रडता घड्याळ बघत होती. त्यांना तरी काय म्हणणार?

काकू इमारतीला वळसा घालून मागे गेल्या. तिथे स्वयंपाकघर, त्याच्या दाराशी ठेंगणी पायरी, आणि पुढे ती अरुंद गल्ली, तुकड्यांनी भरलेली, जी पलीकडच्या रस्त्याला निघत होती. तिथून एकही खिडकी दिसत नव्हती. मुलं इथून आत आली, आया इथूनच परतल्या, तर पुढच्या खिडक्यांतून कुणीच कुणाला जाताना दिसणार नाही. पुढचं अंगण नुसतं अंगण राहील. खिडक्या राहतील, हवा राहील.

पण मग फाटक बंद. वरचा दगड बंद फाटकावर. आणि तो उतार, तो कुठूनच कुठे जाणार नाही. काकूंनी पाकिटाला हात लावला, चित्र बाहेर न काढताच हात परत घेतला. आपलं दुःख मागाहून करू, आधी आजोबांना सांगायला हवं होतं.

आजोबा ऐकता ऐकता लाल झाले. "मी तुम्हाला जागा दिली. कधी खिडकी किती मोठी, विटा कसल्या, एका शब्दाने विचारलं? एकच गोष्ट मागितली. पोरं तिच्या नावाखालून आत जातील. आणि तुम्ही म्हणता, स्वयंपाकघरातून न्या!"

काकूंना खरं तर पुष्कळ बोलायचं होतं. हवेचं, सावलीचं, खांबामागच्या त्या बाईचं. पण त्यांच्याकडे आवाजच उरला नव्हता. "आजोबा," त्या म्हणाल्या, "मला तुमच्याशी भांडायचं बळ नाही हो. उद्या सकाळी एकदा आत बसा. मग तुम्ही म्हणाल तसं. बुजवा म्हणालात तर मी स्वतः गवंड्याला सांगेन."

"मी बालवाडीत बसू? या वयात?"

"मीही याच वयात बसले."

आजोबा आले. त्यांच्यासाठी मोठी खुर्ची नव्हती, मोठ्या बाईंनी पोरांचीच खुर्ची पुढे केली. तिच्यावर ते बसले तेव्हा गुडघे कानांपर्यंत आले. एका पोराने त्यांना विचारलं, "तू नवीन आहेस का?" आजोबा म्हणाले, "हो."

मग फाटकातून पहिली आई बाहेर पडली आणि खिडक्यांशी एकच कल्लोळ उठला. आजोबांनी थोडा वेळ सोसलं. मग कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, आणि बसून राहिले. काकू दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. आवाज बंद झाला असेल त्यांच्यापुरता. पण ती तोंडं, ती ओळीने उघडी लाल तोंडं, कडेवर घट्ट रोवलेले पंजे, आणि खिडकीपलीकडे अंगणात पाठमोऱ्या होऊन पुन्हा वळणाऱ्या बाया, ते कसं बंद करणार? आजोबांनी एकदा डोळे मिटून बघितले. मग उघडले. मग खिशातून मशीन काढून परत कानात घातलं.

बाहेर आल्यावर ते दगडाखाली जाऊन उभे राहिले.

"नाव काढायचं नाही," ते म्हणाले.

"नाही काढत."

"आणि ते मागच्या दारावर न्यायचंही नाही. स्वयंपाकघराच्या दारावर तिचं नाव? आयुष्यभर होतीच की तिथे ती." ते वर बघत राहिले. "राहू दे इथेच. फाटक बंद तर बंद. निदान इथे तिला कुणी हाका मारून आतबाहेर करायला लावणार नाही. जरा बसेल निवांत."

काकूंनी मान हलवली आणि दगडाकडे बघून हात जोडले. आजोबांनीही जोडले, जरा उशिराने, आपल्याच घरातल्या माणसाला हात जोडायची सवय नसते तसे.

मग मागच्या गल्लीचं काम निघालं. तुकडे उचलणं, फरशी, पायरीचा उतार, स्वयंपाकघराच्या आणि मुलांच्या वाटेमध्ये ठेंगणी भिंत. साहेबांनी एकदाच विचारलं, "काकू, त्या तुमच्या उताराचं काय करायचं?" काकू म्हणाल्या, "काही नाही. राहू दे आहे तसा." त्यांनी नवी भिंत मापून सरळ काढली. लाटेची वगैरे नाही. तेवढी हौस आता उरली नव्हती, आणि गल्ली अरुंद होती. रोज जाणं, रोज येणं, ऑफिसचा जिना, बसची गर्दी, गवंड्याचे खाडे. पन्हळीत कुणी सिमेंटचं पाणी ओतलं ते खरवडणं. काका गुडघ्यांना तेल लावून देत आणि आता थट्टाही कमी करत, तेव्हा काकूंना कळलं की आपण फारच थकलेल्या दिसत असणार.

गल्ली सुरू झाली त्या सकाळी काकू आतच होत्या, पण ठेवणीतल्या चपला घातल्या नव्हत्या. मुलं मागून आली. आया पायरीशीच थांबल्या, पापे घेतले, आणि गल्लीतून पलीकडे गेल्या. पोरं खिडक्यांकडे धावली. समोर अंगण होतं. बंद फाटक. उतारावर एक साळुंकी चालत होती. पोरांनी तिच्याकडे बघितलं. एकाने आईला शोधलं, ती दिसली नाही, तो थोडा वेळ ओठ काढून उभा राहिला, आणि मग त्याला साळुंकी दिसली.

रडणं काही अगदी थांबलं नाही. एक जण मागच्या दाराशी बसून रडली, दुसरा डबा उघडेपर्यंत मुसमुसत होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढं चालायचंच. एवढं नसेल तर मला पगार कशाचा?" आणि घसा मोकळा झाल्याच्या आनंदात त्यांनी इतक्या मोठ्याने गाणं सुरू केलं की साळुंकी उडाली.

काकूंना अजून एक बघायचं होतं. दुपारी, ऊन डोक्यावर असताना, खालून हवा येते की नाही. न बुजवता राखलेल्या त्या खिडक्यांनी आता आपलं काम करून दाखवायला हवं होतं. कागदाची एक पट्टी घेऊन, मुलं निजल्यावर, त्या हळूच वर्गात आल्या आणि भिंतीला हात देत देत खिडकीखालच्या मोकळ्या चटईवर बसल्या. पट्टी कडेशी धरली. ती क्षणभर लोंबली, मग आतल्या बाजूला उडाली, आणि उडतच राहिली. मातीच्या भिंतीचा गारवा पाठीला लागत होता. हवा मानेवरून, कानामागून जात होती. आजूबाजूला लहान लहान पोटं वरखाली होत होती. देवा, तुझी कृपा, एवढंच काकूंच्या मनात आलं. पुढचं काय म्हणायचं होतं ते आठवेना.

मोठ्या बाई डोकावल्या तेव्हा पट्टी फरशीवर पडली होती आणि काकू तोंड उघडं टाकून, अंगाची मोळी करून झोपल्या होत्या. मदतनीस बाई उठवायला निघाली, तिला मोठ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून थांबवलं. एक धुतलेली दुलई आणून अंगावर घातली. ती काकूंच्या कमरेपर्यंतच पुरली.

सगळ्यांत आधी जागा झाला तो त्या दिवशी उशिरा आलेला एक मुलगा, ज्याला त्याच्या चटईवर काकू झोपल्यामुळे कोपऱ्यात निजवावं लागलं होतं. तो डोळे चोळत उठला, काकूंपाशी येऊन उभा राहिला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तक्रार घेऊन दाराकडे गेला.

"बाई, ती आजी माझ्या जागेवर झोपलीये."

"झोपू दे रे," मोठ्या बाई त्यांना जमेल तितक्या हळू म्हणाल्या. "दमलीये ती."

त्याने वळून पुन्हा एकदा बघितलं. "मग तिची आई तिला न्यायला कधी येणार?"